हराम आहे, हे त्यालाही माहीत आहे

(सदाशिव पेठेत झालेल्या तरुणांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. वक्त्याच्या विनंतीवरून नाव छापलेले नाही.)



संयोजकांनी आधी मला 'आयटीतल्या नोकऱ्या आणि आपले तरुण' असा विषय दिला होता. मी तेरा-चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतोय, त्यामुळे तो विषय मला सोपा गेला असता. मीच विनंती करून तो बदलून घेतला. आज मी दारूबद्दल बोलणार आहे. म्हणजे माझ्या दारूबद्दल.

आता काही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. साहजिक आहे. आपल्या सभांमध्ये तलाकवर बोललं जातं, शिक्षणावर, आरक्षणावर, दंगलींवर बोललं जातं. दारूवर बोललं जात नाही. मुसलमान दारू पीत नाही, असं आपण धरूनच चाललेलो असतो. आणि जो पितो तो 'आपल्यातला' नसतो, म्हणून त्याचा प्रश्नही आपला नसतो.

दोन गोष्टी आधी स्पष्ट करतो. मी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या मीटिंगला जातो. पण मी ए.ए.च्या वतीने बोलत नाही. दुसरं, हे भाषण छापलं तर माझं नाव छापू नका, असं मी संयोजकांना सांगितलंय. वर्तमानपत्रात, मासिकात सभासदाने आपलं नाव देऊ नये ही तिथली परंपरा आहे आणि मला ती पटते. उद्या मी पुन्हा प्यायलो, तर लोक म्हणतील ए.ए.त काही दम नाही. नाही प्यायलो, तर मी हिरो होईन. दोन्ही नको. तुमच्यापासून मात्र मी तोंड लपवत नाहीये. तुमच्यातले निम्मे मला ओळखतात.

सुरुवात माझ्या चाचांपासून करतो. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. चाचा मोटार मेकॅनिक होते, हात सोन्याचा. मी नववीत असताना ते वारले. घरात सगळे म्हणायचे, त्यांना कावीळ झाली होती. शेजारी विचारायला आले, त्यांनाही कावीळच सांगितली. मलाही तेच माहीत. बऱ्याच वर्षांनी, मी स्वतः दवाखान्यात असताना, डॉक्टरांनी विचारलं, 'घरात कुणाला लिव्हरचा त्रास होता का?' मी म्हणालो, 'चाचांना कावीळ होती.' आणि माझ्याच तोंडून तो शब्द ऐकल्यावर मला कळलं की आमच्या घरात कावीळ या शब्दाचा अर्थ काय होता. चाचांचे डोळे पिवळे झाले होते हे खरंच होतं. ते कशामुळे झाले, हे कुणी बोललं नाही. त्यांना कधी कुणी दवाखान्यात 'यांना दारू सोडायचीय' म्हणून नेलं नाही. कारण तसं नेलं असतं, तर ते पितात हे मान्य करावं लागलं असतं.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पहिल्यांदा प्यायलो. नोकरी लागल्यावर शुक्रवारच्या पार्ट्या सुरू झाल्या. सगळेच पीत होते, मीही पीत होतो. फरक एवढाच की ते घरी जाऊन झोपायचे आणि मी घरी जाताना आणखी एक क्वार्टर घ्यायचो. बायकोपासून लपवायचो. वॉशिंग मशीनच्या मागे बाटली ठेवायचो. वेलदोडे खायचो, अत्तर लावायचो. लॉकडाउनमध्ये काम घरून सुरू झालं आणि माझा शुक्रवार रोज यायला लागला. काम मात्र वेळेवर जात होतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं एक आवडतं उत्तर आहे. गिऱ्हाईक म्हणतं प्रोग्राम चालत नाही, आणि आम्ही म्हणतो, 'माझ्या मशीनवर तर चालतोय.' माझं तसंच होतं. बायको म्हणायची काहीतरी बिघडलंय, मी म्हणायचो, पगार येतोय ना?

माझ्याकडे एक पुरावाही होता, आणि तो खास आपला आहे. रमजान. रमजानमध्ये मी महिनाभर थेंब घ्यायचो नाही. मग मी व्यसनी कसा? जो तीस दिवस सोडू शकतो तो कधीही सोडू शकतो, असा माझा हिशोब. ईद झाली की मी परत सुरू करायचो, आणि दर वर्षी आधीपेक्षा जास्त. हा हिशोब करणारा मी एकटा असेन असं मला वाटायचं. तसं नाहीये. श्रावण पाळणारे माझे हिंदू मित्र नेमका हाच हिशोब करतात.

२०२२ चा रमजान एप्रिलच्या सुरुवातीला लागला. मी आदल्या रात्रीपर्यंत पीत होतो, आणि नेहमीप्रमाणे एकदम बंद केली. पहिल्या रोज्याला हात थरथरायला लागले, घामाने अंग भिजलं. घरच्यांना वाटलं उन्हाळा आहे, पाणी नाही, म्हणून होतंय. दुसऱ्या दिवशी इफ्तारच्या आधी मला फिट आली. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती समोर होती.

इथे मी जरा थांबून एक गोष्ट नीट सांगतो, कारण ती मला माहीत असती तर तो दिवस टळला असता. जो माणूस रोज भरपूर पितो, त्याने मनाने एकदम बंद करणं धोक्याचं आहे. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप न लागणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, माणूस ओळखू येत नाही, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. ही मनाची कमजोरी नसते. रोजच्या दारूला सरावलेला मेंदू ती अचानक गेल्यावर बेफाम होतो, म्हणून असं होतं. डॉक्टर काही दिवस गोळ्या देऊन हा काळ सुरक्षित पार करून देतात, बी-वन जीवनसत्त्व देतात. म्हणून तुमच्या घरात कुणी रोज पिणारा 'या रमजानला सोडतो' म्हणाला, तर आधी त्याला डॉक्टरकडे न्या. रोजा न ठेवण्याची सवलत आजाऱ्याला आहे, आणि तो आजारी आहे.

मी चार दिवस दवाखान्यात होतो. शेजाऱ्यांना सांगितलं, रोज्यामुळे अशक्तपणा आला. म्हणजे आमच्या घराला नवी कावीळ सापडली होती.

मोठी बहीण, माझी आपा, नर्स आहे. तिला मात्र केसपेपर वाचता येतो. ती मला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी येताना एका कागदावर दोन-तीन फोन नंबर लिहून घेऊन आली आणि म्हणाली, 'यातल्या कुणाला तरी फोन कर. मी विचारणार नाही कुणाला केलास.'

त्याआधी मी स्वतः शोधलं नव्हतं असं नाही. मोबाइलवर गुपचूप शोधायचो आणि इतिहास पुसून टाकायचो. काय सापडायचं ते सांगतो. एक, 'सात दिवसांत दारू बंद, रुग्णाला न कळता' अशा पावडरी. रिक्षांच्या मागे, भिंतींवर याच जाहिराती असतात. यांच्या नादी लागू नका. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून देतात. न कळता जेवणातून दिलं तर माणूस दगावू शकतो. दोन, 'घरून उचलून नेऊ' अशी सेवा देणारी केंद्रं. कोणत्याही केंद्रात माणूस ठेवण्याआधी त्याची नोंदणी आहे का, तिथे मानसोपचारतज्ज्ञ येतो का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही धरल्या आहेत. म्हणजे त्या कायद्याने रुग्णाला दिलेले हक्क, माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कसुद्धा, दारूच्या रुग्णालाही आहेत.

आपाच्या कागदावर एक नंबर ए.ए.चा होता. मी तीनदा फोन लावून कट केला. चौथ्यांदा पलीकडच्या माणसाने विचारलं, 'आज घेतलीय का?' मी म्हणालो, नाही. 'छान. मग आज संध्याकाळी या.' बस. नाव विचारलं नाही, किती पिता विचारलं नाही, पैशांचं बोलला नाही. मग त्याने शहरातल्या मीटिंगच्या जागा आणि वार सांगितले. त्यात आमच्या भागाजवळची एक होती. मी ती टाळली. तिथे मामूंच्या दुकानातला कुणी दिसला तर? मी सदाशिव पेठ निवडली. सरळ कारण होतं. इथे मला ओळखणारं कुणी असण्याची शक्यता सगळ्यात कमी.

या पेठेशी माझा जुना हिशोब आहे. २००७ साली मी इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तेव्हा पेरूगेटापासून नागनाथ पारापर्यंत कॉट बेसिसवर खोली शोधत फिरलो होतो. तीन ठिकाणी खोली होती, पण माझं आडनाव सांगितल्यावर ती 'कालच गेली' होती. चौथ्या ठिकाणी मी विचारलंच नाही. शेवटी कोंढव्यात राहिलो. हेही सांगायला हवं की याच पेठेतल्या एका काकूंच्या मेसमध्ये मी चार वर्षं जेवलो, आणि परीक्षेच्या दिवसांत त्या मला जास्तीची पोळी वाढायच्या. पण खोलीचं मनात राहिलं होतं. आणि पंधरा वर्षांनी मी त्याच पेठेत चाललो होतो, तोंड लपवायला.

आपा मला स्कूटरवर घेऊन आली. मीटिंग एका शाळेत होती. मी गेटपाशी थांबलो, म्हणालो, 'उद्या जातो.' ती म्हणाली, 'जा किंवा नको जाऊ. मी इथे दीड तास बसणार आहे.' आणि खरंच पायरीवर बसली, पर्समधून तसबीह काढून. तिला ताटकळत बसवून परत फिरायची मला लाज वाटली. म्हणून मी आत गेलो. मनाचा निर्धार वगैरे काही नव्हता.

आत तिसरी-चौथीचा वर्ग. भिंतीवर पाढे. बाकं इतकी लहान की गुडघे मावत नाहीत. पंधरा-वीस माणसं. एक रिक्षावाले, एक प्राध्यापक, दोन कॉलेजची मुलं, एक बाई. सुरुवातीला काहीतरी वाचून दाखवलं. मग एकेक जण उभा राहून आपलं पहिलं नाव सांगायचा, 'मी एक मद्यपी' म्हणायचा आणि आपल्याबद्दल बोलायचा. कुणी सल्ला देत नव्हतं. कुणी मध्ये बोलत नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी फक्त नाव सांगितलं आणि बसलो. चाललं. आडनाव कुणालाच विचारत नव्हते. तो नियमच होता. माझ्यासाठी खास केलेला नव्हता, म्हणून मला तो जास्त आवडला.

शेवटी एक डबा फिरला. ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे, पहिल्यांदा आलेल्याने नाही टाकले तरी चालतं. त्यातूनच जागेचं भाडं आणि चहा. बाहेरून देणगी घ्यायची नाही, ही त्यांची पद्धत. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फॉर्म नाही, फी नाही.

चहाच्या वेळी एक सत्तरीचे गृहस्थ जवळ आले. माझ्या नावावरून त्यांनी ओळखलं होतंच. म्हणाले, 'तुमच्यात तर चालत नाही ना?' मला वाटलं, झालं, इथेही आलंच. मी जरा चिडून म्हणालो, 'नाही चालत. म्हणूनच लपून प्यायलो.' ते हसले. म्हणाले, 'अहो, आमच्यात तरी कुठे चालते? मी माळकरी. प्यायला बसताना गळ्यातली माळ काढून खिशात ठेवायचो.'

मी पार्टीला जाताना टोपी खिशात ठेवायचो.

त्या दिवशी मला ए.ए.चं तत्त्वज्ञान वगैरे काही कळलं नाही. एवढंच कळलं की जी गोष्ट मी माझ्या बायकोला, आपाला, अम्मीला सांगू शकलो नव्हतो, ती या माणसाला न सांगताच कळली होती.

नंतर वाचलं तेव्हा लक्षात आलं की ही सगळी व्यवस्था याच एका गोष्टीवर उभी आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन या गावी न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल, बिल विल्सन, धंद्याच्या कामासाठी आला होता. दारू सोडून काही महिने झाले होते. काम फिसकटलं आणि हॉटेलात त्याला प्यावंसं वाटायला लागलं. त्याने दारूच्या दुकानाऐवजी टेलिफोन गाठला आणि गावातला एखादा दारुडा शोधायला सुरुवात केली, बोलण्यासाठी. त्यातून त्याची डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ पडली. डॉ. स्मिथही पिणारेच. त्यांनी शेवटचा पेला घेतला तो १० जूनला, आणि तीच ए.ए.ची सुरुवात मानतात. दोन वर्षं झाली की समजतं, आपण दुसऱ्याला मदत करायला जातो आणि त्या दिवशी न प्यायलेले आपण असतो.

देवाचा प्रश्न विचाराल, म्हणून आधीच सांगतो. बारा पायऱ्यांमध्ये आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख आहे. मला भीती होती की इथे भजन म्हणावं लागेल. तसं नाही. ती शक्ती कोणती, हे ज्याने त्याने ठरवायचं. आमच्या गटातले प्राध्यापक पक्के नास्तिक आहेत. ते म्हणतात, माझ्याहून मोठी शक्ती म्हणजे हा वर्ग. शेवटी सगळे प्रार्थना म्हणतात तेव्हा मी मनात माझी दुआ म्हणतो. आजवर कुणी विचारलेलं नाही. अमेरिकेत १९८९ पासून बाल्टिमोर शहरात 'मिल्लती इस्लामी' नावाचा, मुसलमानांसाठी याच बारा पायऱ्या इस्लामी चौकटीत मांडणारा गट सुरू झाला. काहींना तसा गट बरा वाटेल, त्यात गैर काही नाही. मला स्वतःला त्या माळकरी काकांचा उपयोग जास्त झाला.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळं छान झालं. नाही झालं. अकरा महिने मी प्यायलो नाही. २०२३ ची ईद झाली, आणि बासी ईदच्या दिवशी एका जुन्या मित्राकडे गेलो. वाटलं, आता मला जमतं. एक घेतली. नऊ दिवस पीत होतो. आमच्याकडे याला 'स्लिप' म्हणतात. दहाव्या दिवशी मला परत त्या वर्गात जायला पहिल्या दिवसापेक्षा जास्त लाज वाटत होती. गेलो. माळकरी काकांनी सरकून बाकावर जागा केली आणि म्हणाले, 'आलात ना? चहा घ्या.' माझे अकरा महिने शून्यावर आले. पुन्हा एकपासून मोजायला लागलो. आता दोन वर्षं पूर्ण झालीत. तीही 'फक्त आजचा दिवस' असंच मोजून.

मी इंजिनिअर आहे, म्हणून आकडा बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून जास्त लोकांचा आढावा घेतला. ए.ए. आणि तिच्या पद्धतीला जोडून दिलेल्या उपचारांत वर्षानंतर पूर्ण दारूमुक्त राहिलेले साधारण ४२ टक्के, आणि इतर मान्य उपचारांत ३५ टक्के. म्हणजे ही जादू नाही. शंभरातले अर्ध्याहून जास्त वर्षाच्या आत पितातच. पण फुकट मिळणारी, दर आठवड्याला मिळणारी, आणि स्लिप झालेल्याला परत घेणारी ही गोष्ट आहे. ज्यांना ती मानवत नाही त्यांच्यासाठी समुपदेशन आहे, औषधं आहेत. दोन्ही एकत्रही चालतं. मी अजून डॉक्टरांकडे जातो.

दुसरा आकडा २०१९ मध्ये आलेल्या एम्सच्या देशव्यापी पाहणीतला. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी एकाला काहीतरी उपचार मिळतात. बाकीच्या ३७ जणांना काहीच नाही. हे सगळ्या देशाचं, सगळ्या धर्मांचं चित्र आहे. आता विचार करा, ज्या समाजात हा माणूस अस्तित्वातच नाही असं मानलं जातं, तिथे त्याचं काय होत असेल? माझ्या चाचांचं जे झालं तेच होत असेल.

आपल्याकडे माणूस पितो हे कळलं की पहिलं वाक्य असतं, 'हराम आहे, माहीत नाही का?' मित्रांनो, त्याला माहीत आहे. तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो रोज सकाळी स्वतःला तेच सांगत उठतो. हे वाक्य ऐकून त्याची दारू सुटत नाही, तो फक्त जास्त चांगलं लपवायला शिकतो. मी आलिम नाही. पण लहानपणी मदरशात शिकलो ते आठवतंय. दारूबद्दलचा हुकूम एकदम आला नाही, असं परंपरा सांगते. आधी सूरह बकरामध्ये सांगितलं गेलं की यात फायद्यापेक्षा गुन्हा मोठा आहे. मग सूरह निसामध्ये, नशेत नमाजच्या जवळ जाऊ नका. आणि शेवटी सूरह माइदामध्ये पूर्ण बंदी. माणसाला वेळ लागतो, ही गोष्ट तिथे धरलेली दिसते. आपणच ती विसरलो. मी दारूला सूट मागत नाहीये. मी पिणाऱ्याला वाट मागतोय.

मग काय करायचं? मोजक्या गोष्टी सांगतो.

स्वतःसाठी किंवा घरच्यासाठी विचारायचं असेल, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस, १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं. दोन्ही मोफत. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. पुण्यात 'मुक्तांगण' आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीने १९८६ मध्ये ते सुरू केलं. तिथे दाखल होऊन उपचार घेता येतात आणि बाहेर पडल्यावरही पाठपुरावा असतो. स्त्रियांसाठी त्यांचा 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. होय, स्त्रियांसाठी. आपल्या घरांतल्या मुली-बायकाही पितात, आणि त्यांचं लपवणं आपल्यापेक्षा दुप्पट असतं.

घरच्यांसाठी 'अल्-अनॉन' नावाचे वेगळे गट असतात. पिणारा येवो न येवो, घरच्यांनी जायचं. माझी बायको जाते. तिथे ती पहिली गोष्ट शिकली ती ही की माझ्या ऑफिसला 'त्यांना ताप आलाय' असा फोन करायचा नाही. माझं खोटं मला बोलू द्यायचं. मी आधी चिडलो होतो.

ए.ए.च्या काही मीटिंग खुल्या असतात, तिथे कुणीही बसून ऐकू शकतं. डॉक्टर, विद्यार्थी, कार्यकर्ते. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी एकदा जाऊन बसा. म्हणजे उद्या कुणाला पाठवायचं झालं, तर तिथे काय असतं हे तुम्हाला सांगता येईल.

आणि शेवटचं मागणं, हे मी चळवळीतल्या सगळ्यांकडे करतोय. मी माझ्या भागापासून आठ किलोमीटर दूर आलो, कारण जवळच्या जागेची मला भीती वाटली. माझ्याकडे आपा होती, स्कूटर होती, सुट्टी घेता येईल अशी नोकरी होती. भवानी पेठेतल्या, मोमीनपुऱ्यातल्या हातगाडीवाल्या पोराकडे यातलं काय आहे? आपल्यातले काही जण शाळांच्या, ट्रस्टच्या कमिट्यांवर आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक वर्ग, एवढं द्यायची तयारी दाखवा. फुकट नका देऊ, ते भाडं देतात. 'आमच्या शाळेत दारुडे जमतात' असं लोक म्हणतील. म्हणू द्या. दारुडे तसेही वस्तीत आहेतच. आठवड्यातले दीड तास ते न पिता बसलेले असतील.

मला विचारलं जातं की आपाने काय समजावलं. तिने काही समजावलं नाही. तिने पत्ता दिला आणि ती पायरीवर बसून राहिली. पहिले दोन महिने दर आठवड्याला बसली. चाचांसाठी असं कुणी बसलं असतं तर ते वाचलेच असते, असं मी म्हणत नाही. पण त्यांना कावीळ झाली होती, हे वाक्य तरी आम्हाला आयुष्यभर म्हणावं लागलं नसतं.

कार्यक्रम संपल्यावर मी खाली गेटपाशी अर्धा तास थांबणार आहे. ज्याला काही विचारायचंय त्याने यावं. 'एका मित्रासाठी विचारतोय' म्हणालात तरी चालेल. मीही सुरुवातीला तसंच म्हणालो होतो.